बर्फाच्या वादळात लाईट गेली तर घरातल्या वयस्कर माणसाला कसं सांभाळायचं

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. लाईट गेल्यावर म्हाताऱ्या माणसाला "थंडी वाजतेय का?" असं विचारून काहीही उपयोग नसतो. उत्तर ठरलेलं असतं, "नाही गं, मी ठीक आहे, तू कशाला काळजी करतेस." आणि ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच कळत नसतं. वय झालं की कातडीखालची चरबी कमी होते, कुडकुडी भरायची ताकद कमी होते, थंडीची जाणीवच बोथट होते. त्यात थायरॉईड, डायबेटिस, पार्किन्सन्स असेल किंवा झोपेच्या गोळ्या, काही मानसिक आजारांची औषधं, बीपीची काही औषधं चालू असतील तर अजूनच. म्हणून विचारायचं नाही, मोजायचं. खोलीत एक थर्मामीटर, अंगाला एक थर्मामीटर, आणि कधी घर सोडायचं तो आकडा वादळाच्या आधीच ठरवलेला. हे तीन असले की बाकीचं जमतं.

कोणाला हे जास्तीचं वाटत असेल तर २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये बर्फाच्या वादळात लाईट गेली तेव्हा काय झालं ते बघा. राज्याच्या आरोग्य खात्याने नंतर जे मृत्यू मोजले ते २४६, आणि त्यातले जवळपास दोन तृतीयांश नुसत्या थंडीने. बाकीचे कोणी कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने, कोणी आगीत, कोणी पडून, कोणी आधीचा आजार बळावल्यामुळे, कोणी रस्त्यावरच्या अपघातात. म्हणजे काय काय सांभाळायचं त्याची यादीच झाली ही. आणि "लाईट काय, येईल दोन-चार तासात" असं धरून चालू नका, कॅनडातल्या क्यूबेकमध्ये १९९८ च्या जानेवारीत बर्फाच्या पावसाने विजेचे टॉवर आडवे झाले तेव्हा काही भागात महिनाभराहून जास्त दिवस लाईट नव्हती.

वादळाची सूचना आली की लगेच करायच्या गोष्टी

पहिला फोन वीज कंपनीला. बऱ्याच ठिकाणी घरात मेडिकल मशीन किंवा वयस्कर माणूस असेल तर नाव नोंदवायची सोय असते. नोंदवा जरूर, पण त्यावर विसंबू नका. यादीत नाव आहे म्हणजे तुमच्या घरची लाईट आधी येईलच असं नाही, फार तर आगाऊ सूचना मिळते आणि कोणीतरी चौकशी करतं.

मग घरात काय काय विजेवर चालतं ते एकदा फिरून बघा. इथे लोक फसतात. "आमचं हीटिंग गॅसचं आहे, काही होत नाही" असं म्हणणारे खूप भेटतात, पण गॅसच्या फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचा, पंखा आणि इग्निशन विजेवरच चालतं, त्यामुळे लाईट गेली की तेही बंद. कॉर्डलेस फोन बंद. फायबरवरून येणारी लँडलाईन, मागे बॅटरी नसेल तर बंद. गळ्यातलं इमर्जन्सी बटण असतं त्याचा बेस भिंतीत लावलेला असतो, त्याला बॅटरी असते पण ती किती तास टिकते ते कंपनीला विचारून घ्या. गॅरेजचं दार विजेचं असेल तर हाताने कसं उघडायचं त्याची दोरी कुठेय ते आत्ताच बघा. उठायला मदत करणारी रिक्लायनर खुर्ची असेल तर लाईट गेली त्या क्षणी माणूस त्यात आडवा असला तर तिथेच अडकतो, काही खुर्च्यांना छोटी बॅटरी असते, ती घातलीये का आणि चालतेय का ते तपासा. बेडसोअर (पडून राहून होणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून हवेची गादी वापरत असाल तर ती हळूहळू बसते, मग दर दोन तासांनी कूस बदलावी लागेल हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं विजेवरचं मशीन, असेल तर हा सगळ्यात मोठा विषय, तो आधी सोडवा. सप्लायरला फोन करून बॅकअप सिलिंडर मागवा आणि आपल्या फ्लोवर, म्हणजे मिनिटाला जितके लिटर लागतात त्यावर, तो किती तास जाईल ते स्वतः गणित करून बघा. साधारण ६८० लिटरचा छोटा सिलिंडर मिनिटाला २ लिटरने साडेपाच तास जातो. म्हणजे एका सिलिंडरवर रात्र निघत नाही. सिलिंडर कसा उघडायचा, रेग्युलेटर कसा लावायचा हे उजेडात एकदा करून बघा, अंधारात गार बोटांनी पहिल्यांदा करायची ही गोष्ट नाही. आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती, शेगडी, सिगरेट काही म्हणजे काही नको. झोपेत श्वास अडकू नये म्हणून लावायचं सीपॅप मशीन वापरत असतील तर एखाद-दोन रात्री त्याशिवाय झोपलं तर चालेल का ते डॉक्टरांना विचारा, बॅटरीवर चालवायचं असेल तर त्यातला हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवा, त्याने बॅटरी खूप जास्त जाते. वाफेतून औषध देणाऱ्या नेब्युलायझरऐवजी स्पेसर (औषध साठवणारी नळी) लावून दम्याचा पंप चालेल का हेही विचारून ठेवा. डायलिसिस चालू असेल तर सेंटरला वादळाच्या आधीच फोन, सेशन अलीकडे घेता येतं का, आणि चुकलंच तर त्या दिवसात खायचं-प्यायचं काय याचा तक्ता त्यांच्याकडे असतो, तो मागून घ्या.

औषधं निदान आठवडाभराची हवीत, आणि एका कागदावर नाव, डोस, वेळ, अॅलर्जी, डॉक्टरचा नंबर. फोनमध्ये नको, कागदावर. फोन मेला की यादी पण गेली.

पाणी माणशी दिवसाला ४ लिटर धरा. घराला विहिरीचं किंवा पंपाचं पाणी असेल तर लाईटबरोबर पाणीही जातं, म्हणून टॉयलेटसाठी वेगळ्या बादल्या भरून ठेवा, एक मोठी बादली जोरात ओतली की फ्लश होतं. बॅटरीवरचे एलईडी दिवे घ्या, मेणबत्त्या नकोतच, थरथरत्या हाताला आणि शाल पांघरलेल्या माणसाला मेणबत्ती म्हणजे आमंत्रण आहे आगीला. श्रवणयंत्राचे सेल, ते चार्जिंगचं असेल तर त्याची केस पूर्ण चार्ज. २०,००० एमएएचची एक पॉवर बँक आजकालचा फोन दोन-तीनदा तरी भरते. आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म, हा नसेल तर आज घ्या.

लाईट गेली: पहिला एक तास

आधी वीज कंपनीला कळवा, शेजाऱ्यांनी कळवलं असेल असं धरू नका. मग सगळ्यांनी एका खोलीत यायचं. अख्खं घर उबदार ठेवायचा प्रयत्न करू नका, नाही जमत. छोटी खोली निवडा, कमी खिडक्यांची, शक्यतो बाथरूमजवळची, दुसऱ्या मजल्यावरची नको कारण अंधारात जिना. दाराखाली टॉवेल गुंडाळून लावा, खिडक्यांवर ब्लँकेटं टांगा, दिवसा ऊन येत असेल तर तेवढा वेळ पडदा उघडा आणि मावळलं की लगेच बंद. त्या खोलीत थर्मामीटर टांगा आणि कागदावर वेळ आणि तापमान लिहायला सुरुवात करा, दर तासाला. हे लिहिणं महत्त्वाचं आहे कारण तापमान किती आहे यापेक्षा ते किती वेगाने उतरतंय ते बघायचं असतं.

कपडे पातळ पातळ थरांचे, सैल. घट्ट मोजे आणि घट्ट स्वेटर घालू नका, रक्त नीट फिरत नाही. डोक्याला टोपी, अगदी घरात बसून सुद्धा. पायात खाली ग्रिप असलेले मोजे किंवा बंद चपला, नुसते लोकरीचे मोजे घालून फरशीवर चालायला देऊ नका. लोक वरून चार ब्लँकेटं घालतात आणि खालून काहीच नाही, पण गारठा खालूनही येतो, त्यामुळे खुर्चीत किंवा गादीवर अंगाखाली सुद्धा एक जाड पांघरूण हवं. कपडा ओला झाला असेल, लघवीने किंवा चहा सांडून, तर लगेच बदला, ओल्या कपड्यात उष्णता भराभर जाते. डायपर वापरत असतील तर नेहमीपेक्षा जास्त वेळा बघा.

गरम पाण्याची पिशवी चांगली, पण उकळतं पाणी नको, टॉवेलमध्ये गुंडाळून, आणि डायबेटिसमुळे पाय बधिर असतील तर पायाशी ठेवूच नका, भाजलेलं कळत नाही त्यांना. पोटाशी, छातीशी ठेवा, अधूनमधून कातडी बघा.

बाथरूमचा रस्ता मोकळा करा. गालिचे उचला, वायरी बाजूला, दोन ठिकाणी दिवे. पलंगाजवळ कमोड चेअर असेल तर रात्री तीच वापरा. इथे अजून एक गोष्ट होते, बाथरूमला जायला नको म्हणून म्हातारी माणसं पाणी पिणंच बंद करतात, आणि मग चक्कर, बद्धकोष्ठ, गोंधळल्यासारखं होणं. दर दोन तासांनी हातात कोमट काहीतरी द्या आणि समोर बसून पिऊन घ्या, कप ठेवून निघून गेलात तर तो तसाच गार होतो. हृदयविकार किंवा किडनीमुळे पाण्यावर मर्यादा असेल तर अर्थात तेवढंच. आणि "थोडी घेतली की ऊब येते" वाले काका असतील तर ठाम नाही म्हणा, दारूने कातडी गरम वाटते पण अंगातली उष्णता बाहेर जाते.

ऊब आणायच्या नादात जीव जायला नको

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळ, चक्कर, थकवा, आणि म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत आपण म्हणतो बीपी असेल, झोप झाली नसेल. एकाच वेळी घरात दोघांचं डोकं दुखायला लागलं की कारण शोधत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि मग इमर्जन्सी नंबर लावा.

कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घरात कधीच नाही, खिडकी उघडी ठेवून सुद्धा नाही. गॅसचा ओव्हन उघडा ठेवून खोली तापवायची नाही. गॅरेजमध्ये गाडी चालू करून बसायचं नाही, शटर उघडं असलं तरी. बाहेर उभ्या गाडीत थोडा वेळ ऊब घ्यायला बसणार असाल तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा. जनरेटर घरापासून निदान ६ मीटर लांब, धूर खिडकी-दाराच्या उलट दिशेला, आणि तो कधीही भिंतीतल्या सॉकेटला जोडायचा नाही, तो करंट उलटा लाईनवर जातो आणि खांबावर काम करणारा लाईनमन मरतो. फर्नेस किंवा गीझरचा पाईप घराबाहेर जिथे निघतो तिथे बर्फ साठला असेल तर तो मोकळा करा, नाहीतर लाईट आल्यावर धूर घरातच फिरेल.

घरात वापरायचा म्हणून विकला जाणारा गॅसचा किंवा रॉकेलचा हीटर असतो, तो वापरायचा असेल तर खिडकी थोडी उघडी, एक मीटरच्या आत काही पेटणारं नाही, आणि जागा माणूस समोर बसलेला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात तो देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कोणी कितीही सेफ म्हणो.

आणि बर्फ उपसायला आजोबांनी जायचं नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, त्यात फावड्याने ओला जड बर्फ उचलायचा म्हणजे हृदयावर दुहेरी ताण. शेजारच्या तरुण पोराला सांगा.

आकडे: कधी काळजी, कधी निघायचं

जागतिक आरोग्य संघटना घरात निदान १८ अंश सेल्सिअस ठेवायला सांगते. तरुण माणसाला १६-१७ म्हणजे स्वेटर घालायची थंडी, पण वयस्कर माणसाला तासन् तास तेवढ्यात बसवलं तर हायपोथर्मिया, म्हणजे अंगाचं तापमान धोक्याइतकं उतरणं, होऊ शकतो, त्यासाठी शून्याच्या खाली जावं लागत नाही. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

मी ठेवीन तो नियम असा: खोली १६ च्या खाली गेली, उतरतेच आहे, आणि अंधार पडायच्या आत लाईट येईल असं वीज कंपनी खात्रीने सांगत नाही, तर निघायचं. ऑक्सिजन निम्मा संपला तर तापमान कितीही असो, निघायचं. हे आधी ठरवून आणि त्यांच्याशी बोलून ठेवा, कारण ऐनवेळी "माझं घर सोडून मी कुठे जाणार नाही" हे होणारच, आणि तेव्हा वाद घालण्यापेक्षा "आपण ठरवलं होतं ना, १६ झालं की जायचं, बघा १५ झालंय" हे सोपं जातं. आकड्याशी भांडता येत नाही. शक्यतो उजेडात निघा. रस्ते बंद व्हायच्या आधी निघणं म्हणजे घाबरटपणा नव्हे, उलट खरं तर वादळ यायच्या आदल्या दिवशीच ज्यांच्याकडे लाकडाची शेकोटी किंवा जनरेटर आहे अशा नातेवाईकाकडे जाऊन राहणं सगळ्यात उत्तम. रस्ते बंदच असतील तर गाडी काढू नका, इमर्जन्सीला फोन करा आणि घरात वयस्कर माणूस आहे, ऑक्सिजनवर आहे, खोली इतकी आहे हे तीन वाक्यात सांगा.

पिशवीत औषधं, तो कागद, चष्मा, कवळी आणि तिची डबी, श्रवणयंत्र, डायपर, चार्जर, रोख पैसे, वॉकर. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असेल तर रोजची शाल किंवा उशी सोबत घ्या, नवीन जागेत संध्याकाळनंतर गोंधळ वाढतो, आणि खिशात नाव व तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

हायपोथर्मिया ओळखायचा कसा

कुडकुडणं बघत बसू नका, म्हाताऱ्यांत ते होतही नाही कधीकधी. बघायचं ते हे: बोलणं जड, शब्द अडखळतात, चिडचिड किंवा उलट एकदम गप्प, सारखी झोप येते, बटण लावता येत नाही, चालताना तोल जातो. हात-पाय गार असणं नेहमीचंच, त्यावरून काही कळत नाही. आपला हात कपड्यांच्या आत पोटावर किंवा पाठीवर ठेवा, ते गार लागलं तर गंभीर. अंगाचं तापमान ३५ च्या खाली म्हणजे इमर्जन्सी. साधे थर्मामीटर फार खाली दाखवत नाहीत, "लो" आलं किंवा काहीच नाही आलं तर थर्मामीटर खराब आहे असं समजू नका.

अशा वेळी आधी फोन, मग आडवं झोपवा, ओलं काढून कोरडं, ब्लँकेट, आणि ऊब धडाला द्यायची, छाती, पोट, मान. हात-पाय चोळायचे नाहीत, गरम पाण्याने अंघोळ नाही, चालवायचं नाही, ओढाताण नाही. थंड पडलेलं हृदय फार नाजूक असतं, धक्क्याने ठोके बिघडू शकतात, म्हणून उचलताना सुद्धा हळू. नीट शुद्धीत असतील आणि गिळता येत असेल तरच कोमट गोड काहीतरी, घोट घोट. घरातल्या कोणीतरी ब्लँकेटात त्यांना बिलगून झोपलं तरी खूप फरक पडतो.

तुम्ही लांब असाल तर

दूर राहून करता येण्यासारखं पण बरंच आहे. जवळच्या एका माणसाकडे किल्ली आणि तुमचा नंबर असलाच पाहिजे. फोनच्या वेळा ठरवा, दिवसातून तीन-चार वेळा, बाकी वेळ त्यांचा फोन लो पॉवर मोडवर, कारण मोबाईल टॉवरची बॅटरीही काही तासांनी संपते आणि नेटवर्क जातं. कॉल लागत नसेल तर मेसेज टाका, तो कधीकधी जातो. आणि नियम असा की ठरलेल्या वेळेचे सलग दोन फोन उचलले नाहीत तर किल्लीवाला माणूस जाऊन बघणार, "झोपले असतील" हा अंदाज करायचा नाही.

फोनवर काय विचारायचं ते महत्त्वाचं. "कसे आहात" नको. "आजोबा, भिंतीवरचा थर्मामीटर बघून आकडा सांगा, आता काय घातलंय अंगात, शेवटची गोळी कुठली घेतली?" असं विचारा. उत्तरातून माहिती तर मिळतेच पण आवाज जड येतोय का, आकडा वाचायला जमतंय का, उठून जायला किती वेळ लागला, हे सगळं कळतं. सकाळी नीट बोलणारा माणूस संध्याकाळी तुटक बोलायला लागला तर वाट बघू नका.

खाणं आणि इन्सुलिन

फ्रिज उघडला नाही तर ४ तास थंड राहतो, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. त्यापुढचं दूध, मांस, शिजवलेलं अन्न टाकून द्या, वास येत नाही म्हणून खाऊ नका, या वयात पोट बिघडलं तर वेगळंच दवाखान्याचं प्रकरण. न शिजवता खाता येईल असं, चावायला मऊ, थोडं थोडं पण वारंवार, अंगात उष्णता तयार व्हायला खाणं लागतंच.

इन्सुलिनचं उलटं आहे. सगळे घाबरतात फ्रिज बंद पडला म्हणून, पण बहुतेक इन्सुलिन १५ ते ३० अंशात साधारण २८ दिवस चालतं, आपापलं पत्रक बघून घ्या. गार घरात खरी भीती ते गोठायची. खिडकीत, गॅरेजमध्ये, बाहेर बर्फात ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून परत वापरायचं नाही, टाकायचं. छोट्या पाऊचमध्ये घालून पांघरुणाजवळ ठेवा, गरम पिशवीला चिकटवून मात्र नाही. ग्लुकोमीटरही फार गारठला तर एरर देतो, तो पण उबेतच ठेवा.

लाईट आल्यावर

लगेच सगळं चालू करू नका, आधी शेगडी, इस्त्री, हीटर यातलं काही चालू स्थितीत राहिलंय का बघा. कॉन्सन्ट्रेटर आणि बेडची सेटिंग तपासा, इमर्जन्सी बटण एकदा दाबून टेस्ट करा, सिलिंडर परत भरायला द्या. नळ एकेक उघडून पाणी येतं का बघा, येत नसेल तर पाईप गोठलाय, तिथे पेटतं काहीही लावू नका, हेअर ड्रायरने नळाकडून मागे मागे तापवत जा, आणि पाईप फुटला असेल तर पाणी यायच्या आत पाण्याचा मेन व्हॉल्व्ह कुठे बंद करायचा ते माहीत हवं.

मग त्यांचे मोजे काढून पाय नीट बघा, बोटं, टाचा, पाठीचा खालचा भाग. कुठे पांढरं, राखाडी किंवा बधिर दिसलं, फोड दिसला तर डॉक्टरांना दाखवा, चोळू नका. पुढचे दोन-तीन दिवस भूक, झोप, बोलणं यावर लक्ष ठेवा, खोकला किंवा नवीन गोंधळलेपणा वाटला तर वयामुळे असेल म्हणून सोडून देऊ नका. कुठली औषधं चुकली ते त्या कागदावर लिहून डॉक्टरांना कळवा, चुकलेले डोस एकदम भरून काढायला देऊ नका.